बोट दाखवून सांगा

हुरड्याच्या दिवसांत आमच्या शाळेतले मराठीचे सर दरवर्षी एका शनिवारी आम्हा सगळ्यांना त्यांच्या शेतावर बोलावतात. शेत दौलताबादच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. यंदा आम्ही दोन घरची मिळून पंधराएक माणसं होतो. माझी अम्मी, नवरा, आठवीतली मुलगी, बहिणीचा मुलगा. सरांकडचे त्यांची बायको, भाऊ, पोरंसोरं आणि ऐंशीच्या घरातले आबा. संध्याकाळी आगटी पेटली. गरम कणसं चोळून पाखडली, लसणाची चटणी आणि गूळ आला. जेवणं उरकली तेव्हा आठ वाजून गेले होते. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे चंद्र नव्हता. सरांनी खळ्यावर ताडपत्री अंथरली, त्यावर सतरंज्या, आणि आम्ही सगळे आडवे झालो.

आणि मग तेच झालं जे हल्ली चार माणसं जमली की होतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "खाला, आकाशातल्या कितीतरी ताऱ्यांची नावं अरबी आहेत, माहितीय? सगळ्या जगाला तारे आपण शिकवले." सरांचा धाकटा भाऊ उठून बसला. "अहो, अरबांच्या कितीतरी आधी आमच्या वेदांत नक्षत्रं आहेत." दोघांच्याही हातात मोबाईल, दोघांकडेही पुरावा म्हणून आलेले मेसेज. आवाज चढले नाहीत, पण थंडीतही हवा जरा तापली. सर माझ्याकडे बघून हसले. इतिहासावर लिहिते म्हणून असे खटले शेवटी माझ्याच पदरात येतात.

मी म्हटलं, "एक काम करा. दोघांनी मोबाईल खिशात टाका. तुम्ही म्हणता त्या ताऱ्यांपैकी चार तारे बोट दाखवून सांगा. जो सांगेल त्याचं खरं."

भाच्याने वर पाहिलं. सरांच्या भावानेही पाहिलं. दोघंही बराच वेळ बघत राहिले.

ही अट माझी नव्हे. ती अबू रैहान अल-बिरूनीची आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी, 1030 च्या सुमारास, त्याने हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा केला. गझनीच्या महमूदाच्या काळातला हा विद्वान. महमूद इथून काय घेऊन गेला ते आपल्याला पाठ आहे. बिरूनी इथे काय शिकला ते फारसं कुणी सांगत नाही. तो संस्कृत शिकला, पंडितांकडे बसला, इथली गणितं, पंचांगं, पुराणं समजून घेतली. त्याच्या ग्रंथात चंद्राच्या नक्षत्रांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात तो एक तक्रार करतो. नक्षत्रांचे तारे डोळ्यांनी ओळखून आपल्याला बोटाने दाखवील असा एकही माणूस इथे भेटला नाही, असं तो म्हणतो. नावं सगळ्यांना पाठ, गणित चोख, पण वर बघून दाखवा म्हटलं की अडचण.

मी हे प्रकरण उर्दू अनुवादात पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं होतं. बघा, आमचा माणूस किती बारकाईने विचारतो! त्या रात्री खळ्यावर पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं की बिरूनी आज आला आणि त्याने मला विचारलं, तर मीही त्याच यादीत बसेन. दबरान म्हणजे काय, सुहैल म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर लिहून सांगू शकते. पण वर बोट करून दाखव म्हटलं तर? मला शुक्र आणि चंद्र सोडून काही येत नव्हतं. बीएडला आम्हाला शिकवलं होतं, ज्ञात गोष्टीकडून अज्ञाताकडे जा. माझ्या बाबतीत ज्ञात होती ती नुसती नावं.

खळ्यावर शांतता होती. मग आबांचा आवाज आला. "ते काय, तिकांडं."

ते बाजेवर घोंगडी पांघरून बसले होते. काठी उचलून त्यांनी डोक्यावर जरा दक्षिणेकडे दाखवलं. एका ओळीत तीन तारे, टपोरे, सारख्या अंतरावर. "हा बाण. तो मृग. त्याचे हे चार पाय. आणि त्यो खाली चमकतोय त्यो व्याध. त्यानं मारला बाण." सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. एकदा दिसल्यावर ते चित्र पुन्हा न दिसणं अशक्य होतं. पेरणी कधी करायची ते आबा आयुष्यभर मृगावर ठरवत आले. त्यांना वेद माहीत नव्हते की अरबी, पण मृग कुठे आहे ते माहीत होतं.

मग मी माझ्या फळ्यावरच्या गोष्टी आबांच्या काठीला जोडायला लागले, आणि ती रात्र रंगत गेली.

मृगाच्या चार पायांपैकी एक तारा तांबूस आहे. मराठीत त्याला काक्षी म्हणतात, जगभर त्याचं नाव बीटलज्यूस. हे नाव कुठून आलं? अरब या तारकासमूहाला अल-जौज़ा म्हणत, आणि या ताऱ्याला 'यद अल-जौज़ा', म्हणजे जौज़ाचा हात. मध्ययुगात युरोपातल्या कुणा लॅटिन लिहिणाऱ्याने अरबी हस्तलिखित वाचताना पहिलं अक्षर चुकवलं. शब्दाच्या सुरुवातीला 'ये' आणि 'बे' ही दोन अक्षरं सारखीच दिसतात. फरक फक्त खालच्या नुक्त्यांचा: 'ये'ला दोन, 'बे'ला एक. 'यद'चं 'बद' झालं आणि पुढे बिघडत बिघडत बीटलज्यूस. उर्दू शिकवणारीला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. 'खुदा'चा नुक्ता वरून खाली आला की 'जुदा' होतो, हे आम्ही मुलांना पहिल्याच वर्षी सांगतो. इथे तर एका नुक्त्याने आभाळातल्या ताऱ्याचं नाव बदललं. समोरच्या बाजूचा निळसर तारा रायजेल. तो 'रिज्ल', म्हणजे पाय. हा बिचारा नीट वाचला गेला.

मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ पश्चिमेकडे वाढवली की लालसर रोहिणी लागते. आणखी पुढे कृत्तिकांचा झुपका. अरब कृत्तिकांना सुरय्या म्हणतात. आमच्याकडे घरोघरी एक सुरय्या असते, पण ती वर कुठे राहते ते कुणी पाहिलेलं नसतं. माझी मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे सुरय्याखाला ही होय!" रोहिणीचं अरबी नाव अद-दबरान, मागून येणारा. कारण तो रोज रात्री सुरय्याच्या मागे मागे उगवतो. आपल्याकडे कृत्तिका, रोहिणी, मृग असा क्रम पाठ असतो. अरबांनी तोच क्रम एका नावात बसवला. अरबांचीही चंद्राची मुक्कामाची घरं आहेत, 28. आपली नक्षत्रं 27, कुठे अभिजित धरून 28. चंद्राला आकाशाची एक फेरी पुरी करायला साधारण सव्वासत्तावीस दिवस लागतात, म्हणून हे आकडे. चंद्र दोघांचा एकच, तर घरं तरी वेगळी कशी असतील?

भाच्याने विचारलं, "मग सुरुवात कुणी केली?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर देता आलं असतं तर भांडण मिटलं असतं. इतिहास सरळ नाही. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या बगदादमध्ये हिंदुस्थानातून खगोलाचं गणित पोचलं. अल-फज़ारीने ते अरबीत आणलं आणि 'सिंदहिंद' या नावाने ते ओळखलं गेलं. सिंदहिंद म्हणजे आपला 'सिद्धान्त'. त्यानंतर ग्रीक टॉलेमीचा ग्रंथ अरबीत आला. आज जग त्याला 'अल्माजेस्ट' म्हणतं, ते नावच अरबीतून गेलेलं आहे. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस-सूफीने 964 मध्ये स्थिर ताऱ्यांवरचं आपलं पुस्तक लिहिलं. त्याने टॉलेमीचे तारकासमूह एकेक करून घेतले, स्वतः पाहून ताऱ्यांची तेजस्विता तपासली, आणि प्रत्येक ठिकाणी वाळवंटातले अरब त्या ताऱ्यांना काय म्हणतात तेही लिहून ठेवलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. राजाच्या पदरी असलेल्या विद्वानाने उंट हाकणाऱ्यांची नावं पुस्तकात घेतली. ती नावं लॅटिनमध्ये गेली आणि आज विमानं-जहाजांच्या तक्त्यांत आहेत. याच सूफीने देवयानी समूहात एक 'छोटा ढग' नोंदवला. ती आपल्या शेजारची दीर्घिका. तिची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद त्याची आहे. त्या रात्री पश्चिमेला तो ढग आम्हीही शोधला. सरळ बघितलं की नाहीसा होतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं की दिसतो. माझ्या मुलीला दिसला. मला दिसल्यासारखा वाटला.

तर मालकी कुणाची? ग्रीकांनी बाबिलोनकडून घेतलं, अरबांनी ग्रीकांकडून आणि आपल्याकडून, युरोपने अरबांकडून. प्रत्येकाने घेताना काही दुरुस्त केलं, काही बिघडवलं, काही भर घातली. फक्त आमचंच असं म्हणणाऱ्याला मधली सगळी माणसं पुसून टाकावी लागतात.

आमच्या मराठीतच याचा एक नमुना आहे, आणि तो नेमका आबांच्या मृगाशी जाऊन भिडतो. जुनी मोडी कागदपत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना 'शुहूर सन' माहीत असेल. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या पत्रांत साल असं लिहिलेलं असतं: 'खमस सबैन अलफ'. खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. म्हणजे 1075. त्यात 599 मिळवा, 1674 येतात: राज्याभिषेकाचं वर्ष. शब्द सगळे अरबी, पत्र मराठी. आता गंमत बघा, हे साल सुरू कधी होतं? मोहरमला नाही, पाडव्यालाही नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात.

असं का केलं असेल? हिजरी वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. दरवर्षी ते ऋतूच्या मानाने अकरा दिवस मागे सरकतं. पीक काही मोहरम बघून येत नाही. सारा वसूल करायचा तर साल पिकाबरोबर चाललं पाहिजे. चौदाव्या शतकात, तुघलकांच्या काळात, हा तोडगा निघाला असं मानतात: आकडे अरबी ठेवायचे आणि वर्षारंभ शेतकऱ्याच्या नक्षत्राला बांधायचा. सुलतान गेले, मराठे आले, तरी ते साल चालू राहिलं, कारण ते कामाचं होतं. सरांच्या भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे महाराजांच्या पत्रात अरबी आकडे आणि मृगाचं वर्ष?" मी म्हटलं, "हो, एकाच ओळीत."

मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "अम्मी, मृग जूनमध्ये निघतो ना? मग आता थंडीत कसा दिसतोय?" याचं उत्तर आबांनाही ऐकायचं होतं. मृग निघाला म्हणजे सूर्य मृगाच्या दिशेला गेला. सूर्य जिथे असतो तिथले तारे त्याच्या उजेडात बुडतात. म्हणजे ज्या दिवशी सगळा महाराष्ट्र मृगाचं नाव घेतो, त्या दिवसांत मृग दिसतच नाही. तो बघायचा तर हुरड्याच्या दिवसांत. आबा म्हणाले, "आरं खरंच की. पेरणीच्या वक्ताला कधी पायला न्हाई."

दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजाच्या वर एक ठसठशीत तारा आला होता. सरांनी ओळखला: अगस्त्य. आपल्याकडे अगस्त्याचा उदय झाला की पावसाळा सरला, पाणी निवळलं असं मानतात. हाच अरबांचा सुहैल. वाळवंटात सुहैल पहाटे दिसू लागला की उन्हाळा उतरला असं समजतात. दोन मुलुखांत हवामान निराळं, पण वर बघून ऋतू ओळखायची रीत एकच.

त्याच दिशेला अंधारात दौलताबादचा डोंगर होता. तिकडे हात करून मी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मराठवाड्यातही फार थोड्यांना माहीत आहे. 1397 ते 1422 या काळात दख्खनवर फिरोजशाह बहमनी राज्य करत होता. फिरिश्ता लिहितो की या सुलतानाला विद्येचा नाद होता आणि आठवड्यातले काही दिवस तो स्वतः शिकवायला बसायचा. त्याने 1407 मध्ये दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधायला घेतली. काम हकीम हसन गिलानीकडे होतं. तो वारला आणि वेधशाळा अर्धवट राहिली. समरकंदची उलुगबेगची प्रसिद्ध वेधशाळा यानंतर काही वर्षांनी उभी राहायला लागली. तिथे हजारावर ताऱ्यांची सारणी 1437 मध्ये तयार झाली. पुढे अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाने जंतरमंतर उभारले, तेव्हा आपल्या फारसी सारणीत त्याने उलुगबेगचेच तारे काळाप्रमाणे सरकवून घेतले आणि तिला बादशहा मुहम्मदशाहचं नाव दिलं. राजपूत राजा, फारसी ग्रंथ, समरकंदचे तारे.

आणि आमची दौलताबादची वेधशाळा? एक माणूस गेला आणि संपली. इमारतीपेक्षा शिकवणारा माणूस टिकणं किती महत्त्वाचं, हे मला त्या रात्री शाळेतल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त कळलं.

अकराच्या पुढे ईशान्येला सप्तर्षी वर आले. इतका वेळ शालीत गुरफटून गप्प बसलेली अम्मी एकदम म्हणाली, "वो देखो, बाजलं."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. अम्मी खेड्यात वाढलेली, उन्हाळाभर अंगणात झोपलेली. तिने गोष्ट सांगितली. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर. मागचे तीन म्हणजे तीन चोर, बाजलं ओढून न्यायला आलेले. म्हातारी जागी आहे, म्हणून बाजलं निघत नाही, आणि चोर रात्रभर तिच्याभोवती फिरत राहतात. आबा हसत हसत म्हणाले, "आमच्या आईनं बी हीच सांगितली व्हती." शब्द न शब्द तीच.

मला मात्र अंगावर काटा आला, कारण फळ्यावरचं एक नाव मला आठवलं. अरब सप्तर्षींना 'बनात नअश' म्हणतात. नअश म्हणजे जनाजा, तिरडी. चार तारे म्हणजे जनाजा, आणि मागचे तीन म्हणजे त्यामागून चालणाऱ्या मुली. कुठे अरबस्तान, कुठे अम्मीचं खेडं! चार कोपरे आणि मागे तिघं, हे दोघांनाही दिसलं. एकाने त्यात मृत्यू पाहिला, एकीने चोरांना हरवणारी जागी म्हातारी. मला आमच्या अम्मीची गोष्ट जास्त आवडली.

त्या तिघांतल्या मधल्या ताऱ्याजवळ एक बारीक तारा आहे. मोठा वसिष्ठ, बारीक अरुंधती. नव्या जोडप्याला दाखवतात ती. अरब तिला सुहा म्हणतात, विसरलेली, दुर्लक्षित, आणि नजर किती तीक्ष्ण आहे ते तिच्यावरून ताडून बघत. सरांनी बायकोला विचारलं, "दिसते का गं अजून?" ती म्हणाली, "लग्नात तरी कुठं दिसली होती? भटजींनी वर बघा म्हटलं, वर मांडव होता." सगळे इतके हसले की शेजारच्या शेतातलं कुत्रं भुंकायला लागलं.

मी पडून विचार करत होते. बिरूनीने पंडितांना विचारलं. कदाचित चुकीच्या माणसांना विचारलं. खळ्यावर झोपणारा शेतकरी, अंगणात पोरांना निजवणारी बाई यांना विचारलं असतं तर त्यांनी बोट दाखवलं असतं. नाव वेगळं सांगितलं असतं, ग्रहगणित आलं नसतं, पण बोट बरोबर जागी गेलं असतं. आमच्या दोन्ही घरांत ते बोट अजून आहे, सत्तरी-ऐंशीच्या हातांत. आमच्या पिढीने खोल्यांत झोपायला सुरुवात केली, मुली मोठ्या झाल्या की गच्चीवर जाणं बंद केलं. मलाही बाराव्या-तेराव्या वर्षी खाली बोलावलं गेलं होतं. त्यानंतर मी रमज़ान आणि ईदचा चाँद सोडून काही बघायला वर गेलेच नाही. आकाश माझ्याकडून कुणी परक्याने हिसकावलं नाही. घरातूनच सुटलं.

भाचा आणि सरांचा भाऊ यांच्यात कोण जिंकलं, ते पुन्हा कुणी विचारलं नाही. रात्री एकच्या सुमारास दोघं आगटीत गोवऱ्या सारत बसले होते, आणि भाचा काठीने दाखवत होता, "हे तिकांडं. हा दबरान. ही सुरय्या." सरांचा भाऊ त्याला दुरुस्त करत होता, "अरे, ती कृत्तिका म्हण की." दोघं एकाच झुपक्याकडे बघत होते.

तुम्हालाही जमेल. दुर्बीण लागत नाही. शहरापासून थोडं लांब जा, चंद्र नसलेली रात्र निवडा, मोबाईल खिशात ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. सोबत एक तरी म्हातारं माणूस न्या, आणि त्याला आधी बोलू द्या.

आम्ही परत आल्यावर पुढच्या आठवड्यात माझी मुलगी रोज रात्री गच्चीवर जायला लागली. शहराच्या उजेडात जेमतेम पंधरा-वीस तारे दिसतात. तरी तिकांडं दिसतं. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली, "अम्मी, वर ये ना." मी ओट्याशी होते, हात पिठाचे. तशीच गेले.

"दाखव," ती म्हणाली. मी बोट दाखवलं.